ओढ्यापलीकडची जागा

दुपारची भांडी घासताना फोन आला आणि हात साबणाचे होते म्हणून मी तो कोपराने कसाबसा स्पीकरवर टाकला. एरवी असल्या फोनवर "निसर्गाच्या कुशीत" एवढे शब्द कानावर पडले की मी तो बंद करते. त्या दिवशी बोट कोरडं नव्हतं, म्हणून पुढचंही ऐकलं गेलं. धबधब्याचा व्ह्यू, नवा महामार्ग, येऊ घातलेली मुरबाडची रेल्वे. रेल्वेचं ऐकून मला हसू आलं. मी परकर-पोलक्यात होते तेव्हाही ती येऊच घातली होती.

"आणि लोकेशन मॅडम, शहापूर-मुरबाड रस्ता, किन्हवलीच्या थोडं पुढे," असं म्हणून त्या मुलीने गावाचं नाव घेतलं.

मी नळ बंद केला.

"कुठे म्हणालीस?"

तिने नाव पुन्हा घेतलं. मला ते तिसऱ्यांदाही ऐकायचं होतं. ते आमचं गाव होतं. म्हणजे आमचं नव्हतं. माझे वडील प्राथमिक शिक्षक. नोकरीने त्यांना सांगलीकडून उचलून इथे आणून सोडलं आणि माझं पहिली ते सातवीचं सगळं शिक्षण त्यांच्याच शाळेत झालं. गावात आम्ही एका शेतकऱ्याच्या घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहायचो. दोन खोल्या आणि पुढे पडवी. पावसाळ्याआधी सगळं गाव शेतात राब भाजायचं, म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून रोपांची जागा जाळायची, तेव्हा त्याचा धूर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायचा. आईला तो आवडायचा नाही. कल्याणला आल्यावर मात्र कुठे पाला जळाला की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची.

वडिलांची कल्याणला बदली झाली तेव्हा घरमालकाने त्यांना सांगितलं होतं, "गुरुजी, मागच्या बाजूची घरापुरती जागा तुमी घ्या. पैसे सवडीनं द्या." वडील म्हणाले, बदलीच्या माणसाने जमिनीत जीव अडकवू नये. ते असंच बोलायचे, शुद्ध आणि पाठांतर केल्यासारखं. आईने त्यांना त्याबद्दल कधी टोकलं नाही, पण शेवटच्या आजारपणात तिला दिवस-वार उमगत नव्हते तेव्हा ती मला विचारायची, "मागच्या जागेत पडवळ लावलंस का गं?" आणि मी "लावलं" म्हणायची.

तेव्हा फोनवरच्या त्या मुलीला मी नाही म्हणू शकले नाही, यात नवल नाही. मी तिला विचारलं, "तू कुठली गं?"

"ऑफिस ठाण्यात आहे मॅडम."

"ऑफिस नव्हे, तू."

"मी वाशिंदची." आणि मग कागदावरून वाचणं सोडून म्हणाली, "आमच्याकडे पण आता सगळ्या बिल्डिंगी झाल्यात. पूर्वीसारखं काय राहिलं नाय."

त्या एका 'नाय'ने माझं काम केलं. इतक्या वर्षांत तो उच्चार माझ्या कानातून गेला नव्हता. कल्याणच्या शाळेत मुली हसल्या म्हणून मी तो जिभेवरून काढून टाकला होता.

त्यानंतर ती दर दोन-चार दिवसांनी फोन करू लागली आणि मी त्या फोनची वाट बघू लागले. प्लॉटचं बोलणं थोडं व्हायचं. मीच जास्त बोलायची. शाळेमागचं तोरणांचं झुडूप, म्हसा गावच्या जत्रेतून वडिलांनी आणलेली घोंगडी, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत रिकामे पडलेले वर्ग. ती "हो का मॅडम" म्हणत ऐकायची. कदाचित तिला ऐकण्याचाच पगार असेल. पण एकदा ती म्हणाली, "माझी मावशीपन असंच सांगते," आणि ते तिने कागदावरून वाचलेलं नव्हतं.

माझे यजमान एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा कागदावर विश्वास, माणसांवर बेताचा. त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ओळख ना देख, फोनवर जमीन? अगं, आपण भाजी घेताना हात लावून बघतो."

"म्हणून तर बघायला जाऊ म्हणतेय."

"बघायला जाण्याचं काय, ते गाडीच पाठवतात. न्यायला पाठवतात, तिथून निघताना आपण वेगळे असतो."

तरीही ते आले. दिवाळी उलटून गेली होती. आसनगाव स्टेशनाबाहेर कंपनीची पांढरी गाडी उभी होती आणि गाडीजवळ तिशीतला एक एजंट, इस्त्रीच्या शर्टातला, अगदी अदबीने बोलणारा. आम्हाला त्याने पाण्याच्या बाटल्या दिल्या, मला पुढची खिडकी दिली. शहापूर मागे पडलं आणि भाताची कापलेली शेतं सुरू झाली. पेंढ्यांच्या उडव्या, त्यांच्यामधून वालाचे हिरवे पट्टे. मधूनच एखादं मोठं फाटक, त्यावर दोन दगडी सिंह आणि आत काहीच नाही. मी यजमानांना वळून वळून सांगत होते, इथे विहीर होती, इथे आम्ही शेवळांची रानभाजी विकत घ्यायचो. ते मान हलवत होते. एजंट म्हणाला, "काकू, तुम्हीच आमचं मार्केटिंग करा आता." आम्ही तिघंही हसलो.

गावाच्या अलीकडेच गाडी वळली. कमान होती, तिच्यावर प्लास्टिकची झेंडूची फुलं. आत सिमेंटचे रस्ते, एक झोपाळा, चारदोन बंगले. एजंट म्हणाला, हा फेज वन, पूर्ण विकला गेला. आमच्यासाठी फेज टू, त्याच्याहून चांगला, ओढ्यापलीकडे.

ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. दगडांवरून पलीकडे गेलो, चढण चढलो, आणि मला कळलं आपण कुठे आलोय. हा आमचा माळ होता. ऐनाची झाडं तशीच होती, फक्त त्यांच्यामधून चुन्याने रंगवलेले पांढरे दगड ओळीने मांडलेले होते. एकेका चौकोनात एकेक नंबराची पाटी.

याच माळावर मी आणि माझी मैत्रीण दगडच मांडायचो. ती गावाबाहेरच्या आदिवासी वाडीवरची, माझ्याच वर्गात. वर्गातल्या सगळ्यांच्या घरी थोडी का होईना शेती होती. शेत नसलेल्या आम्ही दोघीच. माझ्या घरी पगार होता, तिच्या घरी तोही नव्हता, हा फरक मला तेव्हा समजत नव्हता. आम्ही दगडांनी चौकोन आखायचो. हे तुझं शेत, हे माझं. ती तिच्या शेतात रोज काहीतरी नवं लावायची, कधी वरई, कधी नाचणी, आणि माझ्या शेतात तिचं वासरू शिरलं म्हणून स्वतःच स्वतःशी भांडायची. दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर निघायचे आणि तिला घेऊन जायचे. मग थेट पावसाच्या तोंडाला ती परत यायची, केस भुरे झालेले, पुढचे धडे चुकलेले. एका वर्षी ती परत यायच्या आतच आमची बदली झाली. निरोप असा घेतलाच नाही.

हे मी यजमानांना सांगणार, एवढ्यात बघते तर ते एका चौकोनाच्या मधोमध उभे होते. हात पाठीमागे, तोंड डोंगराकडे. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इथे दोन खोल्या बसतील. पुढे पडवी काढू. तुला पाहिजे होती ना?"

इतकी वर्षं संसार केला, पण त्यांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला एकदम भीती वाटली. ते नाही म्हणतील या भरवशावरच बहुधा मी हो म्हणत आले होते.

एजंटने संधी साधली. "काका, टोकन देऊन आजच ब्लॉक करू या का? संध्याकाळी एक डॉक्टर येतायत बघायला."

यजमानांचा हात खिशातल्या चेकबुकाकडे गेला. आणि तेव्हाच पलीकडून एक बाई आली, गवताचा भारा डोक्यावर, कमरेला विळा. ती आमच्याकडे न बघता सरळ ओळीपाशी आली, एका हाताने भारा सावरत खाली बसली, एक पांढरा दगड उचलून कमरेवर घेतला आणि चालू लागली. जणू बाजारातून कलिंगड घेऊन चालली होती.

"ओ मावशी!" एजंट ओरडला. "दगड ठेवा तो!"

"का ठेवू? माज्या जागेत हाय तर माजाच हाय."

"किती वेळा सांगायचं तुम्हाला, मोजणीचे दगड आहेत ते."

"मंग मोजून झालं आसल ना आता. मला चुलीला पायजेल."

हा आवाज मोठा झाला होता, घोगरा झाला होता, पण वासरू शिरलं म्हणून भांडणारा तोच होता. मी पुढे झाले. वर्गात हजेरीला घ्यायचे तसं मी तिचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. ती थांबली. भाऱ्याखालून वर बघता येईना म्हणून तिने भाराच खाली टाकला आणि माझं तोंड जवळून पाहिलं.

"गुरुजींची पोर ना गो तू?"

मी मान हलवली.

"केवडी म्हातारी झालीस!" ती म्हणाली आणि दगड खाली ठेवून माझे दोन्ही हात धरले. तिच्या तळहातांना चुना लागलेला होता, तो माझ्या बांगड्यांना लागला.

मग तिने माझ्या यजमानांकडे, एजंटकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "जागा बगायला आलीस?" आणि तिचा चेहरा बदलला. मला आजही तो आठवतो. रागावली नव्हती ती, नुसती एक पाऊल मागे सरली होती.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "ही जागा तुझी आहे?"

"आमची म्हंजे, लय वरसं कसत व्हतो, मंग सरकारनं दिली. कसायला. माज्या आनि नवऱ्याच्या नावावं हाय. पन विकता येत नाय. आमालाच विकता येत नाय, तर ह्याला कशी येल?"

एजंट हसत मध्ये पडला. "काकू, तसं काही नाही. सगळं प्रोसेसमध्ये आहे. मावशींना काही कागदांची माहिती नसते."

यजमानांनी चष्मा नाकावर नीट बसवला. त्यांच्यातला कचेरीतला माणूस परत आलेला मला दिसला आणि हायसं वाटलं. ते शांतपणे म्हणाले, "मला आहे. मला या गटाचा सातबारा दाखवा."

"ऑफिसला आहे काका."

"मग ऑफिसातून मागवा. फोनवर फोटो येतो की."

फोटो काही आला नाही. एजंटने दोन-तीन फोन लावले, ओढ्याच्या दिशेने जात बोलत राहिला, मग गाडीचा हॉर्न वाजू लागला. आम्ही येत नाही म्हटल्यावर तो निघून गेला. त्याच्याबद्दल मला वाईट वाटायला नको होतं, पण वाटलं. त्यानेही सकाळी उठून शर्टाला इस्त्री केली होती.

मैत्रिणीचं घर चढावर होतं, सिमेंटचं, पण पुढची बाजू तिने कुडाचीच ठेवली होती. घराशेजारच्या तुकड्यात बांध घातलेला होता आणि त्या बांधात अधूनमधून पांढरे दगड. आम्ही बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"हे मांडायला माज्या लेकालाच रोजावं नेला व्हता," ती सांगू लागली. "वड्याच्या त्या बाजूला मांडत व्हते तवर ठीक. मंग म्हनतात, चल, वरती पन मांड. ल्योक घरी आला नि बोलला, आये, ते आपल्याच जागेत दगूड लावायला सांगतात. मी बोलले, लाव. रोज घे नि लाव. मी काडते."

यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिने त्यांना पाणी दिलं. मग तिने तांदळाच्या भाकरी टाकल्या, सुकट भाजली, वालाची आमटी होती. आम्ही सारवलेल्या जमिनीवर बसलो. तिचा नवरा भातसानगरला कामावर गेला होता. ती बोलत राहिली: भट्ट्यांवर किती वर्षं गेली, सासू कुठे वारली, पहिल्यांदा कागद हातात आला तेव्हा तिला वाचता आला तो आमच्या शाळेमुळे. "गुरुजी मारायचे नायत," ती यजमानांना म्हणाली, "पन नुसतं बगायचे. त्याचाच धाक व्हता." माझे वडील नुसते बघायचे, हे मी विसरूनच गेले होते. ते सांगायला जगात आणखी कुणीतरी उरलंय, याचं मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाशिंदच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, साइट कशी वाटली?"

मी तिला सगळं सांगितलं. मध्ये तिने "हो का" म्हटलं नाही. माझं बोलून झाल्यावर बराच वेळ मागच्या टेबलांवरचे आवाज येत राहिले. तिच्यासारख्याच मुली, निसर्गाची कूस.

"अगं, ऐकतेस ना?"

"मी ती जागा पाहिलीच नाय, मॅडम," ती हळू म्हणाली. "आमाला व्हिडिओ दाखवतात फक्त." आणि मग, "माझ्या मावशीला मीच प्लॉट घ्यायला लावला. फेज टूमधला. तिचं गाव धरणात गेलं ना, तिला कुठंतरी जागा पाहिजेच होती."

इतके दिवस मी तिच्या आवाजावर विश्वास ठेवला होता, आणि तो आवाज खोटा नव्हताच. तिलाही कुणीतरी तितक्याच गोड आवाजात सांगितलं होतं. विश्वास ठेवावा की नाही, असं लोक मला आता विचारतात, कारण हा किस्सा मी सगळ्यांना सांगत असते. मला नीट उत्तर देता येत नाही. माणूस खरा आणि जमीन खोटी, असंही असू शकतं एवढंच मला कळलं.

पुढच्या रविवारी ती मुलगी तिच्या मावशीला घेऊन तिथे गेली आणि मीही गेले. पहिल्यांदाच तिला पाहिलं: सडपातळ, दोन वेण्या नव्हत्या पण शाळकरीच वाटणारी, माझ्या पाया पडली. माझ्या मैत्रिणीने मावशीला सगळा माळ हिंडवून दाखवला, कुठून कुठवर आपला ते. मावशी एका ऐनाखाली बसली आणि म्हणाली, "जागा चांगली हाय पन." चांगली होतीच.

त्यानंतर माझ्या यजमानांना एक उद्योग मिळाला. त्यांनी अर्ज लिहून दिला, मावशीला घेऊन त्या ठाण्याच्या ऑफिसात चार खेपा घातल्या, तिथल्या गुबगुबीत सोफ्यावर बसून राहिले. ती मुलगी नोकरी सोडायला तयार होती, पण मावशीचे पैसे हातात येईपर्यंत रोज कामावर जात राहिली. फोन मात्र लावायची नाही, नुसता कानाला धरून बसायची, असं तिने मला नंतर सांगितलं. शेवटी पैसे आले. थोडे कापून घेतले, पण आले. आता ती शहापूरला एका कापडाच्या दुकानात आहे. लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या बायकांना ती आधी साडीचा पदर हातात देते आणि मग बोलते, हे तिनेच मला अभिमानाने सांगितलं.

आमच्या नावावर तिकडे काही झालं नाही. यजमान मधूनच म्हणतात, "दोन खोल्या छान बसल्या असत्या," आणि मी हो म्हणते. पण आम्ही जातो. महिन्या-दीड महिन्याने, कधी दोघं, कधी मी एकटी. मैत्रीण कामं काढूनच ठेवते. मागच्या खेपेला तिने मला उन्हात टाकलेल्या वालावर लक्ष ठेवायला बसवलं आणि स्वतः बाजाराला गेली. "कोंबड्या येतील, हाकलीत रा," एवढं बजावून गेली. मी थोडा वेळ हाकलल्या. मग भिंतीला टेकले, आणि ऊन इतकं चांगलं होतं, लांब कुणीतरी लाकूड फोडत होतं, त्या ठोक्यांवर डोळा लागला. जागी झाले ती तिच्या ओरडण्याने. अर्धा वाल कोंबड्यांनी विसकटला होता आणि एक कोंबडी माझ्या पदरावर बसली होती.

"गुरुजींची पोर ती गुरुजींची पोर," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "कामाची नाय." मग तिने पिशवीतून माझ्यासाठी आणलेली गरम भजी काढली आणि आम्ही दोघी वाल वेचत ती खात बसलो, पाचच्या एसटीची वेळ होईपर्यंत.